संशोधन दुधाचे, प्रश्न गवताचा

बोईसर स्थानकाच्या आसपास अलीकडे व्यायामशाळा पुष्कळ झाल्या आहेत. व्यायामशाळांच्या मागोमाग पौष्टिक भुकट्या आणि कुप्या विकणारी दुकानेही आली. तारापूरच्या कारखान्यांत पाळी करून परतणारा तरुण तेथे थांबतो. प्रथिनांच्या डब्यांशेजारी सोनेरी तेलाच्या गोळ्यांची एक बाटली असते. तिच्यावर ‘सी.एल.ए.’ ही तीन अक्षरे असतात आणि चरबी वितळवण्याचे आश्वासन असते. बाटलीची किंमत एखाद्या कारकुनाच्या आठवड्याच्या बाजारहाटापेक्षा कमी नसते. त्याच स्थानकापासून चिल्हारच्या रस्त्याने पूर्वेला निघाले, की आश्विन-कार्तिकात दोन्ही बाजूंच्या टेकड्या पिकल्या गवताने पिवळ्या झालेल्या दिसतात. वारली स्त्री-पुरुष उन्हात वाकून ते कापत असतात. बाटलीतला पदार्थ आणि टेकडीवरचे गवत यांचा परस्परांशी फार जवळचा संबंध आहे. मात्र दुकानदाराला तो ठाऊक नसतो आणि गवत कापणाऱ्याला तो कोणी सांगितलेला नसतो.

कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक आम्ल असे या पदार्थाचे पूर्ण नाव आहे. मराठीत त्याला संयुग्मी लिनोलेइक आम्ल म्हणता येईल. करडई, सूर्यफूल यांच्या तेलांत विपुल असणारे लिनोलेइक आम्ल हे सर्वपरिचित मेदाम्ल आहे. त्याच्या कार्बनसाखळीत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात आणि त्या दोहोंमध्ये एक मोकळा कार्बन असतो. हे बंध सरकून एकाआड एक आले, की तेच आम्ल ‘संयुग्मी’ होते. रेणूतील अणूंची संख्या तेवढीच राहते, फक्त मांडणी बदलते. एवढ्या लहान बदलाने पदार्थाचा स्वभाव किती पालटतो, हे पाहण्यात जगभरच्या प्रयोगशाळांनी गेली चाळीसहून अधिक वर्षे घालवली आहेत.

या कथेचा आरंभ मात्र त्याहून जुना आहे. १९३५ साली इंग्लंडमधील काही संशोधकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हिवाळाभर गोठ्यात बांधलेल्या गायी वसंतात कुरणावर सोडल्या, की त्यांच्या लोण्यातील मेदाम्ले अतिनील किरणांचा एक विशिष्ट पट्टा पूर्वीपेक्षा अधिक शोषू लागतात. लोण्यात काहीतरी नवे आले होते आणि ते कुरणातून आले होते. त्यापुढे त्या निरीक्षणाला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. १९७९ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल परीझा हे भाजलेल्या गोमांसात कर्करोगजनक द्रव्ये शोधत होते. शोधता शोधता त्यांना नेमके उलट गुणाचे, म्हणजे पेशींतील घातक बदलांना आळा घालणारे द्रव्य हाती लागले. १९८७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवली. ते हेच संयुग्मी आम्ल होते. विष शोधायला निघालेल्या माणसाला उतारा सापडावा, असा हा प्रकार होता. पुढे क्लेमेंट इप यांनी १९९१ पासून उंदरांवर केलेल्या प्रयोगांत या आम्लाने स्तनातील गाठींचे प्रमाण घटते असे दाखवले आणि पाहता पाहता हा विषय आहारशास्त्राच्या अग्रभागी आला.

हे आम्ल प्राण्याच्या देहात येते कोठून, याचे उत्तर फार मनोरम आहे. गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या जठराच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रोमंथिकेत, अगणित सूक्ष्मजीव राहतात. हिरव्या गवतातून आलेली असंतृप्त मेदाम्ले या जीवांना मानवत नाहीत. म्हणून ते त्यांच्यावर हायड्रोजन चढवून त्यांना निरुपद्रवी, संतृप्त करू पाहतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेलच्या साहाय्याने जे होते, तेच येथे जिवंत भट्टीत होते. परंतु हे काम अर्धवट राहते. अर्ध्या वाटेवरचे काही रेणू निसटतात आणि रक्तावाटे कासेकडे जातात. त्यांतले एक हे संयुग्मी आम्ल. दुसरे व्हॅक्सेनिक आम्ल. त्याचे नाव गायीच्या लॅटिन नावावरूनच पडले आहे. कासेतील एक एंझाइम या व्हॅक्सेनिक आम्लातून पुन्हा संयुग्मी आम्ल घडवते. दुधातील बहुतांश साठा या दुसऱ्या मार्गाने तयार होतो. सारांश, गवत, सूक्ष्मजीव आणि कास या तिघांच्या भागीदारीतून हा पदार्थ जन्माला येतो. त्यातले गवत काढून घेतले तर भागीदारी मोडते.

येथे वनस्पती तुपाचा उल्लेख ओघाने आला आहे, तर एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. व्हॅक्सेनिक आम्ल रासायनिक अर्थाने ‘ट्रान्स’ मेदच होय. कारखान्यात तेल गोठवताना निर्माण होणारा ट्रान्स मेद हृदयाला घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच्यावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. ही मर्यादा कारखान्यातील ट्रान्स मेदासाठी आहे. दुधातील अल्प ट्रान्स मेद तिच्यात धरलेला नाही. दोन्हींची नावे एक असली तरी घडण वेगळी आहे, हे शास्त्राने आणि कायद्याने, दोघांनीही मानले आहे.

भारतात या विषयाची उपेक्षा झाली असे म्हणता येणार नाही. दही आणि तूप यांतील संयुग्मी आम्लाची मोजणी १९९० च्या सुमारासच झाली होती. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत रीटा राणी व विनोद कन्सल यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मादी उंदरांना एकीकडे गायीचे तूप आणि दुसरीकडे सोयाबीनचे तेल देऊन नंतर कर्करोगजनक द्रव्य दिले. तूप खाणाऱ्या गटात गाठी झालेल्या उंदरांचे प्रमाण तेल खाणाऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी भरले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु तो उंदरांवरचा आहे, हे वाक्य त्याला जोडूनच उच्चारले पाहिजे. दुर्दैवाने आपल्याकडे असे निष्कर्ष वृत्तपत्रांत आणि व्याख्यानांत पोहोचेपर्यंत त्यातला उंदीर वाटेतच गळून पडतो.

मग बाजारातल्या गोळीचे काय? ती गायीपासून बनत नाही. करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर अल्कलीची प्रक्रिया करून त्यातील दुहेरी बंध सरकवले जातात. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांहून अधिक असते, म्हणून हा व्यवसाय तिच्यावर विशेष प्रसन्न आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीतले हे काटेरी पीक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्याचे बिनकाटेरी वाण काढले. तरीही गेल्या काही दशकांत करडईचे क्षेत्र सातत्याने आक्रसत गेले. आपल्या शेतकऱ्याला करडई परवडत नाही आणि आपल्या तरुणाला तिच्यापासून बनलेली परदेशी गोळी मात्र परवडते, ही विसंगती जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.

या कृत्रिम प्रक्रियेतून आम्लाचे दोन प्रकार जवळजवळ समप्रमाणात निर्माण होतात. एक दुधात विपुल आढळणारा प्रकार, ज्याला रुमेनिक आम्ल म्हणतात. दुसरा दुधात नाममात्र असणारा प्रकार. चरबी घटवण्याचा गुण या दुसऱ्याचा आहे. १९९७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत त्यांची चरबी निम्म्याहून कमी झाली आणि तेथूनच गोळीच्या व्यापाराला भरते आले. माणसांच्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती फारच माफक निघाली. २००७ साली अठरा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात रोज सुमारे ३.२ ग्रॅम आम्ल घेणाऱ्यांची चरबी आठवड्याला सरासरी ९० ग्रॅमने अधिक घटली आणि सहा महिन्यांनंतर तोही वेग मंदावला. २०१२ च्या दुसऱ्या आढाव्यात दीर्घ मुदतीच्या चाचण्यांतील वजनाचा फरक पाऊण किलोच्याही आतच आढळला. यापेक्षा अधिक चिंतेची गोष्ट अशी, की स्वीडनमध्ये २००२ साली स्थूल पुरुषांना तो दुसरा प्रकार शुद्ध स्वरूपात दिला असता त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडला. मधुमेहाने आधीच घेरलेल्या आपल्या समाजात या निष्कर्षाचे महत्त्व निराळे सांगायला नको. अमेरिकेत या पदार्थाला अन्नात वापरण्यापुरती सुरक्षिततेची मान्यता मिळाली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०१० साली वजन घटवण्याचा दावा पुराव्याअभावी अमान्य केला. बाटलीवर या गोष्टी छापलेल्या नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारमार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात असे बजावले आहे. ज्या फळीवर त्या भुकट्या असतात तिच्यावरच ही बाटलीही असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गोळीच्या विरोधात बोलले, की दुसऱ्या बाजूने टाळ्या येतात. गावरान तुपाचे कैवारी म्हणतात, आमच्या आजीला हे सारे ठाऊकच होते. आजीविषयी आदर बाळगूनही थोडे गणित करणे भाग आहे. बांधीव गोठ्यातील जनावराच्या साधारण दुधात स्निग्धाच्या ग्रॅममागे हे आम्ल पाच-सहा मिलिग्रॅम असते. गोळ्यांच्या चाचण्यांत वापरलेली तीन ग्रॅमची मात्रा अशा तुपातून मिळवायची, तर रोज अर्धा किलो तूप खावे लागेल. तेवढे तूप खाणाऱ्याला कर्करोगाची चिंता करायला फुरसत मिळेल असे वाटत नाही. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर गायीच्या दुधात हे आम्ल पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास येते. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आहारातील या आम्लाचा आणि स्तनाच्या कर्करोगापासून संरक्षणाचा काहीही संबंध दिसला नाही. तेव्हा तूप हे औषध आहे, हा दावा आज तरी कोणी करू नये. ते अन्न आहे आणि बेताने खाल्ले तर चांगले अन्न आहे, इतकेच.

मग चाळीस वर्षांचे हे संशोधन व्यर्थ गेले काय? तसे समजणे उथळपणाचे होईल. त्यातून निघालेली खरी मोलाची माहिती दुधाविषयी नाही, जनावराच्या चाऱ्याविषयी आहे, आणि गोळीचे दुकानदार व तुपाचे कैवारी या दोघांच्याही नजरेतून नेमकी तीच निसटली आहे. धिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेत गायींचे तीन गट केले. ज्यांना एकतृतीयांश आहार चराईतून मिळत होता त्यांच्या दुधाच्या स्निग्धात हे आम्ल ग्रॅममागे ८.९ मिलिग्रॅम भरले. दोनतृतीयांश चराईच्या गटात १४.३ आणि केवळ कुरणावर जगणाऱ्या गायींत २२.१ मिलिग्रॅम. गायी त्याच, देश तोच, बदलले ते केवळ गवताचे प्रमाण. कर्नालच्या संस्थेतही हिरव्या बरसीमवर ठेवलेल्या म्हशींच्या दुधात हे आम्ल वाढल्याचे आढळले. वाळलेल्या चाऱ्याने ते साधत नाही, कारण गवत उन्हात वाळताना त्यातील नाजूक असंतृप्त मेदाम्ले मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. माणसाच्या प्रकृतीशी या साऱ्याचा संबंध जोडणारा सर्वांत लक्षणीय पुरावा मध्य अमेरिकेतील कोस्टारिकाचा आहे. तेथील गायी वर्षभर कुरणावर चरतात, म्हणून संशोधकांनी तो देश मुद्दाम निवडला. हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे अठराशे रुग्णांची तितक्याच निरोगी माणसांशी तुलना करून २०१० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांच्या शरीरातील चरबीत रुमेनिक आम्ल सर्वाधिक होते त्यांच्यात झटक्याचा संभव जवळजवळ निम्मा होता. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण कुरणावरच्या गायीचे दूध आणि गोठ्यातल्या गायीचे दूध यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही, एवढे तरी यातून निश्चित होते.

हा मुद्दा पालघर जिल्ह्याइतका दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याला जवळचा नसावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची खरी ओळख बाहेरच्यांना अणुवीज केंद्र आणि तारापूरची औद्योगिक वसाहत यांवरून होते. परंतु इंग्रजी अमदानीपासून मुंबईच्या दृष्टीने हा प्रदेश गवताचा होता. शहरातील घोडे, ट्रामचे घोडे आणि नंतर तबेल्यांतील म्हशी यांचे वैरणपाणी येथल्या वरकस जमिनींवर अवलंबून असे. पालघर, मनोर, वाडा येथील गवताच्या वखारी, दाबून बांधलेले गठ्ठे आणि ते घेऊन जाणाऱ्या गाड्या हे येथल्या दिवाळीनंतरच्या दिवसांचे नेहमीचे दृश्य. मुंबईच्या दुधाचा बराच हिस्सा या अर्थाने पालघरच्या डोंगरावर उगवत असे.

आणि त्या गवताला माणसाच्या घामाचाच नव्हे, तर रक्ताचाही इतिहास आहे. १९४५ च्या पावसाळ्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी संप पुकारला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी, अशी त्यांची मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मारले गेले. ज्या गवताची मजुरी मागताना ही माणसे मेली त्या गवतावर पोसलेल्या म्हशींचे दूध मुंबईतील चाळी-चाळींत रतीबाने पोहोचत होते. मारल्या गेलेल्यांच्या मुलांना त्या दुधाचा थेंब मिळाला असेल, असे मानण्याला मात्र काही आधार नाही.

स्वातंत्र्यानंतर शासनाने मुंबईच्या दुधाची व्यवस्था लावली. १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्यासारख्या कर्तबगार अधिकाऱ्याने ती उभारली, यात संशय नाही. शहरातले आणखी गोठे बाहेर काढावेत म्हणून पुढे डहाणू-तलासरीच्या भागात दापचरीचा दुग्धप्रकल्प आखला गेला. हजारो एकर जमीन त्यासाठी राखली, कुर्झे धरणाचे पाणी त्याला दिले. कल्पना अशी, की म्हशीने गवताकडे जावे, गवताने म्हशीकडे येऊ नये. वर दिलेल्या संशोधनाच्या प्रकाशात पाहिले तर ही कल्पना तिच्या जनकांना वाटली त्याहून अधिक शहाणपणाची होती. पण प्रकल्प मूळ हेतूने टिकला नाही. आता त्या जमिनीचे काय करावे याविषयी निरनिराळ्या योजनांची चर्चा अधूनमधून होते. त्या चर्चेत जनावर आणि चारा हे दोन शब्द क्वचितच ऐकू येतात.

दरम्यान डोंगरावरचे गवतही आक्रसत आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग हे तिन्ही याच जिल्ह्यातून जातात. जेथे शासकीय प्रकल्प नाही तेथे शेतघरांचे भूखंड पडत आहेत. भातशेतीची जमीन गेली तर निदान हळहळ व्यक्त होते. वरकस जमीन गेली तर ‘पडीकच होती’ असे म्हणून विषय संपतो. महसुली दप्तरात जिची किंमत नाही तिच्यावरूनच गायीच्या दुधातले सर्वांत मोलाचे द्रव्य येते, हे दप्तराला कोणी सांगायचे?

दुधाच्या बाजारानेही गवताचा असाच अवमान केला आहे. संकलन केंद्रावर गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. या दोन आकड्यांवर ठरतो. २०२४ च्या जानेवारीत शासनाने लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केले तेव्हाही कसोटी हीच होती. फॅट किती, हे यंत्र सांगते. ते कसले, हे ते सांगत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरावर डांगी गाय राखणारा आदिवासी शेतकरी आणि सरकी पेंडीवर संकरित गायी बांधून ठेवणारा गोठेवाला या दोघांच्या दुधात या बाबतीत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो. पण केंद्रावर डांगी गायीच्या धन्याचा हिशेब तोट्याचाच निघतो, कारण ती दूध थोडे देते. डांगी ही पावसाळी प्रदेशातली काटक गाय. धो धो पावसात भिजत ती चरू शकते आणि हिरवे गवत उपलब्ध असते ते नेमके त्याच दिवसांत. बाजाराला हे गुण दिसत नाहीत. युरोपात आणि अमेरिकेत ‘कुरणावरच्या गायीचे’ म्हणून लोणी व दूध वेगळ्या भावाने विकले जाते. आपल्याकडेही मोठ्या शहरांत काचेच्या बाटलीतून असे दूध श्रीमंतांच्या दारी येऊ लागले आहे. मात्र तो नफा खाजगी फार्मांचा आहे, मोखाड्याच्या गुराख्याचा नाही.

याच जागी एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. दुधातील स्निग्ध हे गवताचे सत्त्व जसे साठवते तसेच चरबीत विरघळणारे विषही साठवते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशाच्या अनेक राज्यांतील दुधाच्या बहुसंख्य नमुन्यांत डी.डी.टी.चे अंश सापडले होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक पहिला होता. नाल्यांत आणि खाडीत सोडलेल्या सांडपाण्याविषयी येथील मांगेला मच्छीमार समाजाने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि लवादाने कारखान्यांवर भरपाईचा बोजा टाकला. मासळीविषयी हा लढा झाला, तो योग्यच झाला. पण त्याच परिसरात गुरेही चरतात, त्याच नाल्यांचे पाणी पितात. त्यांच्या दुधाचे काय, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारलेला दिसत नाही. कुरणाच्या दुधाचे गुणगान करणाऱ्याने कोणत्या कुरणाच्या, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हा प्रश्न विचारण्याची साधने याच जिल्ह्यात आहेत, हे विशेष. मेदाम्लांची मोजणी गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या तंत्राने होते. विद्यापीठांत हे यंत्र अपूर्वाईचे असले तरी तारापूरच्या औषध कारखान्यांतील गुणनियंत्रण विभागांना त्याची अपूर्वाई नाही. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयातून आणि आसपासच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात आणि त्यांपैकी कित्येक जण त्याच विभागांत नोकरीला लागतात. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. डांगी गाय, मुऱ्हा म्हैस आणि संकरित गाय यांच्या दुधाचे नमुने आषाढ, कार्तिक आणि चैत्र अशा तीन हंगामांत घ्यावेत, त्यातील मेदाम्ले आणि विषारी अंश दोन्ही मोजावेत, हे काम दोन-तीन वर्षांत होण्यासारखे आहे. त्याला परदेशी मदत नको की मोठा निधी नको. उद्योगांवर कायद्याने असलेल्या सामाजिक खर्चाच्या बंधनातून ते सहज भागेल. असे आकडे एकदा हाती आले म्हणजे दूधसंघाला कुरणाच्या दुधाला वेगळा भाव देण्यास आधार मिळेल. वरकस जमिनीचे मोल सांगताना जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवायला कागदही मिळेल.

परंतु या साऱ्याचे पहिले माप वजन घटवू पाहणाऱ्यांना लागावे, हे मात्र न्याय्य नव्हे. ज्या जिल्ह्यात एका टोकाला चरबी वितळवण्याच्या गोळ्या खपतात त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चरबी अंगावर चढतच नाही म्हणून मुले दगावतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके गेली, तेव्हा सारे राज्य हादरले. २०१६ साली मोखाड्यातील मृत्यूंनी तीच जखम पुन्हा उघडी केली. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा पूर्ण आहार मिळतो आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे मिळते. योजना चांगली आहे. तिच्यात दूध असावे की नसावे, ते भुकटीचे असावे की गावातल्या गायीचे, हा वाद निरर्थक नाही. वाढत्या मुलाच्या दृष्टीने पेलाभर दुधातील पन्नास मिलिग्रॅम संयुग्मी आम्लापेक्षा त्यातील प्रथिने, चुना आणि उष्मांक शतपटींनी महत्त्वाचे आहेत. ते दूध गावातल्याच डांगी गायीचे असले तर त्या आम्लाचा लाभ वरकड म्हणून फुकटच पदरात पडेल आणि दुधाचे पैसे गावातच राहतील. अंगणवाडीसाठी रोज काही लिटर दूध गावातून, कुरणावर चरणाऱ्या गायींचे, ठरावीक चढ्या भावाने घ्यावे, एवढा एक निर्णय जिल्हा परिषदेला अवघड जाऊ नये. निदान मोखाडा व जव्हार या दोन तालुक्यांत तो करून पाहता येईल.

कोसबाडचे नाव निघाले आहे म्हणून एक आठवण येथे अस्थानी ठरणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम मांडले तेव्हा त्यांना एक अडचण आली. मोठी मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना सकाळीच गुरे घेऊन डोंगरावर जावे लागे. मुलांनी गुरे सोडून यावे असा आग्रह या दोघींनी धरला नाही. त्यांनी शाळाच गवतावर नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ हे नाव दिले. गुरे चरत असत आणि मुले झाडाखाली अक्षरे गिरवत. त्या कुरणांपैकी किती आज शिल्लक आहेत, याची मोजदाद पालघरच्या एखाद्या शाळेने भूगोलाच्या तासाला हाती घेतली, तर दूध मोजण्याच्या कामाला जागेची यादी तयारच मिळेल.